मैनाने दडवलेल्या गोळ्या

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत, इवल्याशा खोपटात मैना आणि तिचे बाबा राहत. बाबा रानातला औषधी पाला विकत. पण यंदा त्यांच्या यकृतात कर्करोगाची गाठ झाली, डोळे पिवळे पडले आणि चूल एक दिवसाआड पेटू लागली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. मैनाला वाटलं, आपल्या भुईआवळ्यापुढे त्यांचा काय पाड! तिने गोळ्या पिठाच्या डब्यात दडवल्या. टोपलीभर भुईआवळा उकळला आणि ‘गोळ्या यातच विरघळवल्यात’ असं सांगून तो काढा बाबांना पाजला. अति तिथे माती. बाबा अंथरुणाला खिळले. मैनाला त्यांच्याकडे बघायचीही लाज वाटू लागली.

ती रानात जाऊन रडत बसली. तेवढ्यात भुईआवळ्याच्या इटुकल्या पानांखालून इटुकली परी आली. तिच्या पंखांवर सोनेरी-हिरव्या टिकल्या लुकलुकत होत्या.

“मैना, पाला तोडण्याआधी तुझे बाबा हात जोडून रोपाला सांगतात, कोणासाठी आणि किती. तू का नाही सांगितलंस?”

मैनाने मान खाली घातली. “चोरून नेत होते ना. सांगायची लाज वाटली.”

“माझ्या रसात गुण असेलही. काचेच्या नळीत गाठीच्या पेशींवर तो चालतो का, हे शहाणी माणसं तपासताहेत. पण माणसाच्या पोटाला तो किती सोसेल, हे मलाही ठाऊक नाही गं.”

“मग मला एक वर दे ना.”

“देते. पण ज्याच्यासाठी मागशील, त्याच्यासमोर मागायचं. आणि आधी लपवलेलं सांगायचं.”

“तुला सांगितलं, तेवढं पुरे नाही?”

“नाही, सोनुले.”

मैना घरी गेली आणि भिंतीकडे तोंड करून सगळं बोलली. लाजेने तिचे कान तापले होते.

“सांगायला भ्यालीस व्हय?” बाबा म्हणाले. “चल, डॉक्टरीणबाईंना सांगू. बोलायचं तूच, हात मी धरतो.”

बाईंनी सगळं ऐकलं, काढा बंद केला आणि पुन्हा गोळ्या दिल्या. घरी येऊन मैनाने बाबांसमोर हात जोडले. “परी, या गोळ्या माझ्या बाबांना लागू पडू देत.”

खिडकीत सोनसळी उजेड फुलला, टिकल्या चमचमल्या आणि परी त्या उजेडात विरून गेली. पुढे गाठ आक्रसत गेली, डोळे निवळले.

पण त्या दिवशी मैनाने पहिली गोळी पुढे केली, तेव्हा बाबांनी ती न बघताच तोंडात टाकली.