ढवळ्याची कोंड

पाहुणे, जरा जपून या, इथला कातळ शेवाळलेला असतो. हीच ती ढवळ्याची कोंड. तिन्ही बाजूंना कडा, आत यायला एकच अरुंद खिंड आणि तिच्या तोंडाशी हा लाकडी आगळ, म्हणजे अडसर. मधोमध पांढरा धोंडा आहे, त्यालाच ढवळ्या म्हणतात. हवा तर हात लावा, पण वर बसू नका.

असे सांगतात, की फार पूर्वी खालच्या आंबेदऱ्यात धावजी नावाचा गुरंवाला होता. आमच्या डोंगरातली जनावरं बुटकी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. धावजीला त्यांची लाज वाटायची. म्हणून दोन दुभत्या गाई देऊन त्याने देशावरून उंचापुरा, पांढराशुभ्र वळू आणला. तोच ढवळ्या. यापुढे कळपात बीज त्याचंच, असं ठरलं. घरचा काबऱ्या नावाचा गोऱ्हा दिवाळीनंतर खच्ची करायचा होता. नावडतीचं मीठ अळणी, तसं बिचाऱ्याचं सगळंच वाईट दिसे.

धावजीची सून झिमाबाई भर पावसाळ्यात गुरं घेऊन कोंडीकडे निघाली, तेव्हा सासरा म्हणाला, "ढवळ्याला काही झालं तं ह्या घराचं तोंड बघू नको."

दुपारी दरड कोसळली आणि खिंड बुजली. झिमाबाईने ओरडून ओरडून घसा फोडला, पण हाक कड्यापलीकडे जाईना. जिकडे पाहावं तिकडे भिंत, आणि वरून पाण्याची धार. गाईंच्या दुधावर ती कशीबशी तगली. दिवसांमागून दिवस गेले. ढवळ्याची कातडी भिजून लिबलिबीत झाली, खूर मऊ पडून फाटले, आणि एकदा या धोंड्याच्या जागी बसला तो उठेचना. काबऱ्याच्या अंगावरून मात्र पाणी ओघळून जाई. त्याची कातडीच तेलकट होती, खूर काळे आणि टणक. त्याच्या आईचं तसंच होतं, तिच्या आईचंही. खाण तशी माती. पण झिमाबाईला ते दिसत होतं कुठे? तिला घराचं बंद दार दिसत होतं. बाहेर पडायला वाट नाही, आणि पडलीच तरी ढवळ्यावाचून जाणार कुठे? ती वाघोबाला नवस बोलली, "देवा, ढवळ्याला उठीव. त्याच्या बदली हा काबऱ्या घे." नकोसं असेल ते देवाला द्यायची आपली जुनीच खोड!

ढवळ्या उठला नाही. उठला तो काबऱ्या. तो समोरचा ओहोळ दिसतो ना, त्याच निसरड्या कातळावरून खूर रोवत तो म्हणे वर चढू लागला आणि गाई त्याच्यामागे निघाल्या. झिमाबाई ढवळ्याच्या गळ्याला मिठी मारून बसली. त्याला उठवता येईना, सोडवतही नव्हतं. शेवटी त्याच्या कपाळावर कपाळ टेकून ती ढसाढसा रडली, आणि शेवटच्या गाईचं शेपूट धरून वर गेली.

दारात धावजी उभा होता. मेली असं समजलेली सून जिवंत परत आली होती, पण त्याने पहिला सवाल केला, "ढवळ्या कुठंय?"

झिमाबाई अंगणातच, पावसात उभी राहिली. काबऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ढवळ्या ऱ्हायला, मामा. मला ह्यानं आणली. ह्याला खच्ची केला तं मी बी ह्या घरची न्हाई."

धावजीने काबऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. केसांच्या मुळाशी तो कोरडा होता. सून मात्र नखशिखांत भिजून थरथरत होती, आणि हे म्हाताऱ्याला तेव्हा कुठे दिसलं. तो शरमेने खाली बसला म्हणतात.

आजही आषाढात गावातले सगळे गोऱ्हे एक दिवस या कोंडीत घालतात. त्यांच्यासोबत गावातली एक सून आत जाते आणि आगळ बाहेरून लागतो. संध्याकाळी ती ज्याच्या पाठीवर हात ठेवील, तोच गावाचा वळू. त्यात पुरुषांनी तोंड घालायचं नाही. सासऱ्याने फक्त आगळ काढायचा, आणि गोऱ्ह्यांकडे नजर जाण्याआधी विचारायचं, "पोरी, तू बरी हायेस ना?"