खिडकीच्या कडेवरचा डाग

“...आणि इतकं करूनही डाग वर येणारच असेल, तर माणसाने घर बांधायचं कशाला, स्वामी?”

मन्मथ अजून बसलाही नव्हता. मठाच्या ओसरीवर उभ्याउभ्याच विचारत होता. मागे त्याची बायको गिरिजा, हातात जड पिशवी घेऊन.

स्वामी शेंगा सोलत होते.

“कसला डाग?”

“तेलाचा! दुसरा कसला?”

मन्मथने मठाच्याच गल्लीत नवं घर बांधलं होतं. लोक बघायला येत. पुढच्या खोलीला मोठी खिडकी होती. चौकटीपासून आत खोलीपर्यंत भिंतीची जी जाडी दिसते, त्या कडा त्याने पांढऱ्याशुभ्र रंगवून घेतल्या होत्या. तिथे खाटेवर त्याचे वडील, दादा, बसत. तेल लावलेलं डोकं कडेला टेकून रस्ता बघत.

“तिथेच हा एवढा काळपट गोल,” मन्मथने तळहात पसरून दाखवला. “पाहुण्यांचं पहिलं लक्ष तिकडेच. परवा व्याही म्हणाले, भिंतीला ओल आलीय वाटतं. ओल! माझ्या घराला!”

“मग काय केलंस?”

“रंग दिला. पुन्हा डाग. पुन्हा रंग. शेवटी दादांना बोललो.”

“बोललात कसले,” गिरिजा म्हणाली. “ओरडलात. पार चौकात ऐकू गेलं.”

“तू मधे बोलू नको.”

“मग पिशवी तुम्ही धरा.”

तिने पिशवी खाली ठेवली. आत दगडावर दगड आपटला.

मन्मथने एकेक तुकडा काढून फरशीवर मांडला.

“हा ग्रॅनाइट. याला काही चिकटत नाही. ही टाइल. हे पीव्हीसी, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. ही सागाची फळी, वर पॉलिश. मठाचं बांधकाम तुमच्या देखरेखीखाली झालं, तुम्हाला कळतं. सांगा, कडेला यातलं काय लावू? आणि यातलं काहीच टिकणार नसेल तर तेही सांगा. मागची खोली रिकामी आहे. दादांची खाट तिकडे टाकतो. एकदाचं मिटेल.”

“मागच्या खोलीला खिडकी आहे?”

“झरोका आहे.”

गिरिजाने मान खाली घातली.

स्वामींचे हात थांबले. त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली. डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला. ग्रॅनाइटचा तुकडा उचलला, भिंतीशी उभा धरला आणि आपलं तुळतुळीत डोकं त्याला टेकवलं. डोळे मिटले.

मन्मथ बघतच राहिला.

“गार आहे,” स्वामी म्हणाले. “थंडीत कान दुखेल.”

मग टाइल.

“हिची धार लागते.”

मग पीव्हीसीची पट्टी. डोकं टेकताच ती करकरली आणि वाकली. स्वामींनी ती दूर भिरकावली. “ह्याच्यावर कोंबडंसुद्धा टेकणार नाही!”

गिरिजाने तोंडाला पदर लावला.

सागाच्या फळीला मात्र ते बराच वेळ टेकून होते...

“हे बरं आहे. पण पॉलिशचा वास येतो. डुलकी लागायची नाही.”

“अहो स्वामी!” मन्मथचा आवाज चढला. “मी विचारतोय काय आणि तुम्ही करताय काय! ते टेकायला नाहीये!”

“मग कशाला आहे?”

“शोभेला! घराच्या शोभेला!”

“बरं...” स्वामींनी फळी खाली ठेवली. “वडील अजून टेकतात?”

“नाही. त्या दिवसापासून खाटेच्या मधोमध ताठ बसतात. कोणी सांगितलं होतं ताठ बसायला? लोकांना वाटतं, मीच बसवलंय!”

“तेलही सोडलंय मामंजींनी,” गिरिजा म्हणाली. “काल मी वाटी पुढे केली. तर म्हणतात, नको बाई, भिंत खराब होते.”

स्वामींनी मन्मथकडे पाहिलं.

“म्हणजे टेकत नाहीत. तेलही लावत नाहीत.”

“नाही.”

“आणि डाग?”

“तेच तर म्हणतोय मघापासून! तरी येतो! वरून कितीही रंग द्या, आतून वर येतो. मी रोज बघतो.”

“रोज?”

“रोज सकाळी. उठल्याउठल्या.”

“खाटेवर कोण असतं तेव्हा?”

“दादा असतात. दुसरं कोण असणार?”

स्वामींनी मांडीवरचा रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला.

मन्मथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने एक तुकडा उचलला, परत ठेवला. गिरिजा त्याच्याकडे बघत नव्हती. ती दूर पडलेल्या पट्टीकडे बघत होती.

“स्वामी, एका शब्दात सांगा. मिस्त्री उद्या येतोय. काय लावू?”

स्वामी उठले. समईशेजारची तेलाची बुधली घेऊन आले.

“हात पुढे कर.”

मन्मथने हात पुढे केला. स्वामींनी त्याचा तळवा खोलगट केला आणि त्यात तेल ओतलं. अगदी काठोकाठ. आता त्याला मूठ मिटता येईना, की हात खाली करता येईना. हात सावरताना एक थेंब ग्रॅनाइटवर पडला.

“हे... हे कडेला लावायचं?”

“सांडायच्या आत घरी जा,” स्वामी म्हणाले. “वडिलांची टाळू भर.”