नर्गिसचे दोन वाफे

“या धोंडूला नर्गिसचे निवडक कांदे दिलेत ना, महाराज?”

नीळकंठने नमस्कारही केला नव्हता. वसंत पंचमीची सकाळ होती. डोंगरातल्या या मठात थंडी सरता सरता नर्गिस फुलते, आणि ज्याच्या वाफ्यात आधी फुलेल त्यानेच पहिलं फूल गादीला वाहायचं, असा रिवाज.

यंदा तो मान मठाच्या स्वयंपाक्याला, धोंडूला मिळाला होता. शास्त्रं तोंडपाठ असलेल्या नीळकंठच्या वाफ्यात नुसती पानं!

अंगाचा तिळपापड झाला होता त्याचा. त्यात धोंडूने आपलं फूल त्याच्यापुढे धरलं होतं. “दादा, तुम्ही वाहा की. मला काय...”

ते तर अगदीच सहन झालं नाही.

शंभुगिरी महाराज उठले. खुरपीने दोन्ही वाफ्यांतला एकेक कांदा उकरून त्यांनी तळहातांवर घेतला. धोंडूचा मुठीएवढा टपोरा. नीळकंठचा लसणाच्या पाकळीएवढा, सुरकुतलेला.

“बघा! मी म्हणत नव्हतो?”

“दोन वर्षांपूर्वी एकाच टोपलीतून दिले होते. गेल्या साली दोघांचेही फुलले.”

“मग माझेच कसे वाळले?”

“फुलं गेल्यावर काय केलंस?”

“पानं लोळायला लागली होती, पिवळी पडत होती. मठात पाहुणे यायचे होते. मी विळ्याने साफ कापून काढली. माझा वाफा कसा आरशासारखा दिसत होता! याने मात्र तसाच उकिरडा ठेवला. सगळे हसले याला.”

“तूही?”

“...सगळ्यांत आधी मीच.”

धोंडू खाली मान घालून उभा होता.

महाराजांनी दोन्ही कांदे पुन्हा मातीत ठेवले, वरून माती सारखी केली.

“तू पानं कापलीस ना, तेव्हा कांदा त्यांच्यातूनच जेवत होता.”

धोंडूच्या वाफ्यातली फुलं वाऱ्यावर हलत होती. नीळकंठला बघवत नव्हती, आणि नजरही हटत नव्हती.

“महाराज...” तो आपल्या वाफ्यापाशी खाली बसला. “माझा वाफा कधी फुलेल?”

महाराजांनी हातांची माती झटकली.

“लोक तुझ्या वाफ्याला हसतील ना, त्याच्या पुढच्या वर्षी.”