बुवांनी सोडलेली जागा

फार पूर्वी, राजवाड्याचा दिवस गाण्यानं सुरू व्हायचा तेव्हाची गोष्ट. एका संस्थानात व्हायोलिन वाजवणारी एक मुलगी होती. नाव सगुणा. हात असा गोड, की ऐकणारा हातातलं काम विसरे. पण स्वभाव? स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते हिच्याकडे बघूनच म्हणत असावेत. दुधात पाणी आहे का बघायला ही बोट बुडवी. शेजारीण हसली तर आपल्यालाच हसली म्हणे. आणि कुणी कौतुक केलं, तर याला आता काय हवंय, याचा विचार करत दिवसभर बसे.

तिचे मास्तर भले, म्हातारे आणि कमी बोलणारे. बाकीचं शिकवून झाल्यावर त्यांनी तिला वर्षभर एकच काम दिलं. एका तारेवर एक सूर धरायचा आणि गज या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश ओढायचा, न थरथरता. बाकीचे शिष्य नवनवे राग शिकत होते आणि ही आपली सूर ओढत बसलेली.

"मास्तर खरी विद्या लपवतायत," तिनं मनाशी ठरवून टाकलं. "भाच्यासाठी राखून ठेवली असणार."

भाचा बिचारा वाद्याला शिवतही नव्हता. त्याला म्हशींचा नाद. पण संशयाला पुरावा कशाला लागतो?

संस्थानात दर वसंतात जलसा होई. दरबारचे वृद्ध गवई, ज्यांना सगळे नुसतं बुवा म्हणत, ते सकाळच्या मैफलीत गात. त्यांच्या साथीला जो नीट वाजवेल, त्याला दरबारात कायम साथीला बसण्याचा मान मिळे. सगुणाचा सगळा जीव त्या मानात अडकला होता. तिला सांभाळणाऱ्या तिच्या मामानं सांगूनच ठेवलं होतं, "मान मिळाला तर वाजव पोटभर. नाही मिळाला, तर ते लाकूड माळ्यावर टाक आणि मुकाट्यानं तेलाच्या घाण्यावर ये."

मास्तरांनी बुवांकडे तिचं नाव धाडलं. बुवांनी तिचं वादन न ऐकताच होकार दिला.

दुसरी एखादी असती तर पेढे वाटले असते. सगुणा म्हणाली, "एवढा मोठा माणूस, आणि न ऐकता हो म्हणतो? कुठंतरी पाणी मुरतंय."

जलशाच्या आदल्या दिवशी मास्तरांनी तिला जवळ बसवलं. "बुवा गातील तसं मागून जा. ते थांबले की तुझी पाळी. ते सोडतील तो सूर तू धरायचा."

"एवढंच?"

"एवढंच."

सगुणाला रागच आला. इतक्या वर्षांची सेवा, आणि शेवटी हातावर काय ठेवलं, तर शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट. खरी गोम मास्तरांनी पोटातच ठेवली, अशी तिची खात्री झाली.

मग ती बुवांच्या पाया पडायला गेली. बुवा तक्क्याला टेकून बसले होते. म्हणाले, "एक सूर धरून दाखव. धर. अजून धर." डोळे मिटून ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "किती लांब जातो गं तुझा गज. छान."

सगुणाला वाटलं, हे आपलं माप घेतायत.

बाहेर पडली तर दारात पेटीवाले तात्या. तरुणपणी बुवांच्या साथीला तेच बसत. इकडंतिकडं बघून ते तिच्या कानाशी लागले.

"पोरी, कुणाला बोलू नकोस. बुवा मध्येच थांबतात. आपण ती जागा भरायला गेलो, की झटकन पुढचं उचलतात. चारचौघांत आपण तोंडघशी. मला पाडलंय तसंच."

तसं एकदा झालं होतं खरं, तीस वर्षांपूर्वी, आणि तेही तात्यांच्याच घाईनं. पण तेवढा भाग तात्या कधी सांगत नसत.

आता गंमत बघा. दुधात बोट बुडवून बघणाऱ्या या बाईनं तात्यांना एक प्रश्न विचारला नाही. मास्तर उघड बोलले म्हणून ते खोटं, आणि तात्या कुजबुजले म्हणून ते खरं. सगुणाच्या मनात पक्कं बसलं, की बुवा थांबतील तिथं सापळा आहे.

जलशाची सकाळ उजाडली. दिवाणखाना भरला. समोर राणीसाहेब बसल्या. बुवांनी तोडी सुरू केली आणि सगुणा बेताबेतानं मागून वाजवू लागली. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग बुवा थांबले. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"सापळ्यात बोलावतायत," सगुणा मनात म्हणाली, आणि तिनं गज मांडीवर ठेवला. ठेका एकटाच चालत राहिला. बुवांनी स्वतःच पुढचा सूर उचलला.

थोड्या वेळानं ते पुन्हा थांबले. या खेपेला त्यांनी हात तिच्याकडे पसरला, पाहुण्याला आत या म्हणावं तसा. हिनं पुन्हा गज मांडीवर ठेवला. उलट तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

तिसऱ्यांदा बुवा वरच्या षड्जाला गेले. सूर लागला, क्षणभर टिकला आणि कापायला लागला. बुवांनी तो सोडला आणि तिच्याकडे बघितलं. सगुणाचा गज तारेवर टेकलेला होता, बोट त्याच सुरावर होतं. एक ओढ, एवढंच काम होतं. तिनं गज उचलून घेतला. बुवांनी पुन्हा तोच सूर धरायला तोंड उघडलं आणि आवाज फाटला. खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. त्यांनी सभेला हात जोडले आणि अर्ध्या गाण्यातून ते उठले. चाळीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

तात्यांची कुजबुज सभेतही पोचली होती; लोक सगुणाभोवती जमले. "पोरगी पक्की आहे, बुवांच्या तावडीत सापडली नाही." तात्यांनी मान डोलावली. राणीसाहेबांनी मानाची शाल तिच्या खांद्यावर घातली. मान मिळाला. घाणा टळला.

शाल घेऊन ती बुवांकडे गेली. ते गरम पाण्याचे घोट घेत बसले होते.

"तुझा दोष नाही," बुवा म्हणाले. "माझा दम आता पुरत नाही. हे एकट्या तुझ्या मास्तरांना ठाऊक होतं. ते म्हणाले, हिचा गज लांब आहे, तुमचा सूर ही खाली पडू देणार नाही. म्हणून तर मी हो म्हटलं."

"मग मला आधी सांगितलं का नाहीत?" सगुणानं विचारलं.

"सांगितलं की," बुवा म्हणाले. "तिथं बसून तीनदा सांगितलं."

त्यानंतर बुवा लोकांपुढं गायले नाहीत. दरबारात नवे गवई येऊ लागले. त्या सकाळची गोष्ट प्रत्येकाच्या कानावर गेलेली होती. सगुणा मानानं त्यांच्या शेजारी बसे आणि वाट बघे. पण प्रत्येक गवई दम कोंडून, घाईघाईनं, सलग गाई. ही बाई ऐन वेळी गज उचलून घेते, म्हणून तिच्यासाठी कुणी एका श्वासाचीही जागा सोडत नसे. आणि संस्थानातला सगळ्यात लांब गज वर्षानुवर्षं तिच्या मांडीवर पडून राहिला.

तात्पर्य: संशयी माणूस कुणावरच विश्वास ठेवत नाही, हे खरं नाही. तो उघड बोलणाऱ्याला सोडून कुजबुजणाऱ्यावर ठेवतो.