झोक्याखालची फरशी

"माझा धडधाकट दादा एका दुपारीच कसा गेला?" गेनूने डॉक्टरांपासून गुरवापर्यंत सगळ्यांना विचारून पाहिलं. मग तो दादाचं अर्धवट काम पुरं करायला लागला. अंगणवाडीच्या झोक्याखाली बसवायला दादाने सिमेंटात जुन्या टायरचा चुरा सढळ हाताने मिसळून फरश्या बनवल्या होत्या. गेनूने त्या एकट्याने बसवल्या.

उद्घाटनाला सरपंच अप्पासाहेब फेटा बांधून आले. त्यांनी फरशीवर दणक्यात नारळ आपटला. नारळ टुणकन उडाला आणि त्यांच्याच पोटावर आदळला. पोरं खिदळली. त्यांनी पुन्हा आपटला, तो पुन्हा उडाला.

"अपशकुन!" अप्पासाहेब कडाडले. "साधा नारळ फुटत नाही, ही कसली फरशी? टायरचा कचरा नुसता! उखडा सगळी!"

दादाच्या हातचं तेवढंच उरलं होतं. गेनूचं डोकं फिरलं. नारळ उचलून तो थेट अप्पासाहेबांसमोर उभा राहिला.

"अप्पासाहेब, झोक्यावरून पोर पडलं की काय आपटतं?"

"डोकं. त्याचं काय?"

"मग जिच्यावर नारळ फुटत नाही, तिच्यावर डोकं फुटेल का? तुम्हाला फुटणारीच हवी असेल तर उखडतो आत्ता. फक्त मग झोक्यावर पहिल्यांदा तुमच्या नातवाला बसवा!"

बायका पदराआड हसल्या. अप्पासाहेबांनी फेटा सावरला. "अरे, मी तरी वेगळं काय म्हणतोय? शकुनच आहे हा! राहू दे, राहू दे."

गेनूने नारळ पायरीच्या दगडावर फोडला, पोरांना खोबरं वाटलं. मग दादाच्या चिमुरड्या मनूला उचलून झोक्यावर बसवलं आणि दादाचा द्यायचा राहून गेलेला पहिला झोका दिला.