ओट्यावरचा राजा

घाटाखाली एक छोटंसं राज्य होतं आणि दर आठवड्याच्या बाजारावर ते सगळं चालत असे. तिथे एक रीत होती. बाजाराच्या दिवशी राजाने ओट्यावर उभं राहून हुकूम सांगायचा आणि लोकांनी एका सुरात म्हणायचं, "राजाला ठाऊक आहे!"

पुढे बाजार ओस पडू लागला. घाटावरून येणारे व्यापाऱ्यांचे बैल येईनासे झाले. राजाने एका बाजारी जकात माफ केली, पुढच्या बाजारी दुप्पट केली, तिसऱ्या बाजारी परमुलखातलं कापड बंद केलं. लोक दर वेळी म्हणाले, "राजाला ठाऊक आहे!" आणि रिकाम्या पिशव्या झटकत घरी गेले.

चौथ्या बाजारी राजा म्हणाला, "बाजार कसा सावरायचा, मला ठाऊक नाही."

यावर काय म्हणायचं ते रीतीत नव्हतं. लोक पांगले.

पुढच्या बाजारी ओट्यासमोर कुणीच जमलं नाही. प्रधान कानाशी लागला, "महाराज, खोटं का होईना, काहीतरी बोला. नाहीतर गादी जाईल."

"बोललो की. तीनदा."

प्रधानही निघून गेला. राजा एकटाच ओट्यावर बसून राहिला. ज्याने कधी दुकान थाटलंय त्याला मी सांगायला नको, गिऱ्हाईक नसलेला दिवस किती लांबतो ते. असे पाच बाजार गेले.

त्यापुढच्या बाजारी एक म्हातारी मीठवाली ओट्यापाशी आली. "बसू का, महाराज? माझ्याकडेही कुणी फिरकत नाही."

"बस, आजी."

"खरंच ठाऊक नाही तुम्हाला?"

"नाही."

"मग सांगते. घाटातलं पाण्याचं टाकं फुटलंय. तहानलेले बैल पलीकडच्या बाजाराकडे वळतात."

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्हाला ठाऊक होतं ना! दर बाजाराला 'राजाला ठाऊक आहे' असं मीच ओरडत होते."

राजाला हसू आलं. कित्येक दिवसांनी. "म्हणजे टाकं बांधलं की बाजार भरेल?"

"थोडा भरेल. बाकीचं मला काय ठाऊक?"

टाकं बांधलं. थोडे बैल आले, थोडे आलेच नाहीत. पुढच्या बाजारी राजा पुन्हा ओट्यावर एकटा बसला होता. समोर लोहार घुटमळत होता, सांगू की नको असा.

राजा जरा सरकला आणि शेजारची जागा हाताने झाडली.

तात्पर्य इतकंच: 'मला ठाऊक नाही' म्हणणारा काही दिवस एकटा पडतो, पण 'मला सगळं ठाऊक आहे' म्हणणाऱ्याला कुणी काही सांगायलाच येत नाही.