न चालता, न उचलता

चूक चिटणीस त्रिंबकपंतांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर गावातले चार जाणते "नदीची चूक, नशिबाची चूक" असं म्हणत फिरले. नदीने फक्त झोपडी नेली. नियम पंतांनी केला.

धाकू नावाड्याचा डावा पाय राजाच्या लग्नात गेला. सलामीची तोफ नावेतून उतरवताना त्याच्या पायावर पडली. तोफेला काही झालं नाही. राजाने धाकूला सनद दिली: सरकारी कोठारातून दरमहा मणभर भात, मरेपर्यंत. मग पूर आला. झोपडी गेली, झोपडीबरोबर सनद गेली आणि सनदेबरोबर भात. तेव्हापासून धाकू नावेतच राहायचा, नावेतच निजायचा. त्याची मुलगी सगुणा नाव वल्हवायची, आणि दोघं दिवसातून एकदा जेवायची.

तिसऱ्या महिन्यात सगुणा गड चढून कचेरीत गेली.

"दप्तरात नोंद आहे," पंत म्हणाले. "धाकू नावाडी, डावा पाय. नवी सनद मिळेल. अर्जदाराने स्वतः कचेरीत हजर व्हावं."

"पंत, गडाला चारशे पायऱ्या आहेत. बाबा कसा चढेल?"

"चढून आला, तर तो पांगळा नाही. भात बंद. नाही आला, तर तो हजर नाही. भात बंद."

"मी पाठीवर घालून आणते!"

"उचलून आणतात ते सामान. सामानाची नोंद खाली जकात नाक्यावर."

"मग तुम्हीच खाली या!"

"कचेरी कोणाच्या दारी जात नाही."

एवढं बोलून पंतांनी मांडीवरची शिक्क्याची पेटी आणखी जवळ ओढली. ती पेटी ते कोणाच्या हाती देत नसत. बायकोच्यासुद्धा नाही.

सगुणा खाली आली. घाटावर चार जाणते तंबाखू मळत बसले होते.

"मोठ्यांशी वाद घालू नये, पोरी," त्यांतला सर्वांत जाणता म्हणाला. "हात जोडायचे आणि वाट बघायची. आम्ही जन्मभर तेच केलं."

"मग मिळालं काय?"

"अनुभव."

दुसऱ्या दिवशी ती थेट राजासमोर उभी राहिली. राजा दुष्ट नव्हता, नुसता हट्टी होता. उपाशी माणसाला त्याने काही फरक पडत नाही.

"नियम तो नियम!" राजा म्हणाला. "ऐक, पोरी. तुझ्या बापाने चालायचं नाही. त्याला कोणी उचलायचं नाही. तरी तो कचेरीत हजर पाहिजे! सोमवारपर्यंत जमव, सनद देतो. नाही जमलं, तर दप्तरातून त्याचं नाव कायमचं खोडतो."

"जमेल, महाराज."

दरबार हसला. सगळ्यांत जास्त पंत हसले.

राजा दर सोमवारी नदीपलीकडच्या महादेवाला जायचा. बरोबर पंत, पंतांबरोबर पेटी. घाटावर नाव एकच होती, धाकूची. दोघं तिच्यात बसले. टोकाला घोंगडी पांघरून एक म्हातारा बसला होता, पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. असल्या म्हाताऱ्यांकडे ते एरवीही पाहत नसत.

मध्यावर सगुणाने वल्हं आडवं मारलं. नाव डुलली.

"पंत, पडाल! दोन्ही हातांनी काठ धरा!"

पंतांनी पेटी फळीवर टेकवली आणि दोन्ही हातांनी काठ धरला. सगुणाने वल्हं आत घेतलं.

"महाराज, कचेरी उघडली."

"काय उघडली?"

"कचेरी. गेल्या चैत्रात तुम्ही आंबराईत आंबे खात होता. तिथेच पंतांनी मला बोलावून हुकूम काढला, सोमवारी तुमच्याशिवाय कोणाला पार न्यायचं नाही. मी म्हटलं, ही तर आंबराई, इथला हुकूम कसा मानू? पंत म्हणाले, महाराज समोर आणि शिक्क्याची पेटी टेकलेली, ती कचेरी! तेव्हापासून आमचे सोमवार तुमचे."

राजाने पंतांकडे पाहिलं. "असं म्हणालात?"

"म्हणालो होतो," पंत म्हणाले. त्यांचा रंग उतरला होता. नाव डुलत होती, त्यामुळेही असेल.

"महाराज समोर आहेत. पेटी टेकली आहे," सगुणा म्हणाली. "आणि हा अर्जदार."

घोंगडी बाजूला झाली. धाकूने बसल्या बसल्या मुजरा केला.

"हा इथे चालत आला?" राजाने विचारलं.

"नाही. पूर ओसरल्यापासून इथेच आहे."

"आज कोणी उचलून आणला?"

"नाही. तो जागचा हललाच नाही, महाराज. कचेरीच त्याच्याकडे आली!"

"हे चालणार नाही!" पंत ओरडले. "आधी नाव तीराला लाव!"

"हळू, पंत! कचेरीत आवाज करायचा नाही, तुमचाच शिपाई सांगतो. वल्ह्याचा फार आवाज होतो."

राजा एवढा हसला की नाव आणखी डुलली. पंतांना अजून बोलायचं होतं, पण त्यांनी तोंड दाबून धरलं.

सनद तिथेच लिहिली गेली, शिक्का तिथेच बसला. मणाचे दोन मण झाले. हुकलेल्या तीन महिन्यांचा भात मिळाला, घाटावर घराला जागा मिळाली.

"अजून काय हवं?" राजाने डोळे पुसत विचारलं.

"मला नको. पण पंतांनी असे किती अर्ज परत पाठवले, तेवढं विचारा."

राजाने विचारलं. पंतांनी पेटी पुन्हा मांडीवर ओढली.

"ते सगळे अर्ज पंत याच नावेत ऐकतील," राजा म्हणाला. "याच जागी, मध्यावर! आणि अर्जदार उचलून आणले तरी चालतील."

अर्ज एकशे त्रेचाळीस निघाले. पंत एकोणीस दिवस नावेत बसले. पहिल्या दिवसापासून त्यांच्या पोटात अन्न ठरलं नाही. त्यांचं वजन अकरा शेर उतरलं.